पत्राच्या तळाशी दोन अक्षरं

माझ्या भाच्याचा मुलगा पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. दर सहा महिन्यांनी तो कुठलीतरी परीक्षा देतो आणि तिचं सर्टिफिकेट मला फोनवर दाखवतो. परवा म्हणाला, "आजी, एवढी सर्टिफिकेटं घेऊन काही उपयोग असतो का गं? तुझ्या वेळी साहेब लोक मोजायचे का?" मी म्हटलं, मोजायचे. तालुक्याच्या कचेरीत मी टायपिंगचं मिनिटाला चाळीस शब्दांच्या वेगाचं प्रमाणपत्र दाखवलं आणि पुढच्या महिन्यापासून पगार वाढला, त्यात काही खोट नव्हती. पण त्याआधी दीड वर्ष मी दुसऱ्याच्या प्रमाणपत्रावर नोकरी केली, आणि तो दुसरा जिवंत नव्हता, हे मी त्याला सांगितलं नाही. फोनवर सांगण्यासारखं ते नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती. माझं गाव पिंपळगाव राजा. मॅट्रिकनंतर मी खामगावला मावशीकडे राहायला आले ती टायपिंग शिकायला. बाबांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, पण शेती भावाने बघावी आणि मुलीने मशीन चालवावं, असं त्यांनी कधीतरी मनाशी ठरवून टाकलं होतं. इन्स्टिट्यूट म्हणजे किराणा दुकानाच्या माडीवरची एक खोली, त्यात सहा मशिनं, आणि मुली आम्ही दोघीच. सर आमच्या हातांवर पुठ्ठ्याचं झाकण ठेवायचे, म्हणजे चाव्या दिसत नसत. बोटांना एकदा कळलं की डोक्याला विचारावं लागत नाही, असं ते म्हणायचे. तेव्हा मला ते फार भारी वाटायचं. तीसच्या वेगाची परीक्षा मी पहिल्याच फटक्यात पास झाले. बाबांनी ते प्रमाणपत्र काचेत मढवून घरी देवांच्या तसबिरींच्या ओळीत टांगलं.

इंग्रजी व्यापारी पत्रात एक रिवाज असतो. अगदी तळाशी, डाव्या हाताला, आधी पत्र सांगणाऱ्याची अक्षरं, मग तिरकी रेघ, मग टाइप करणाऱ्याची दोन लहान अक्षरं. एक नावाचं, एक आडनावाचं. पत्रात घोळ निघाला तर कुणाचा कान धरायचा ते कळावं, एवढ्यासाठीच. मी बाबांना माझी दोन अक्षरं कोळशाने ओसरीवर काढून दाखवली होती. ती त्यांना पाठ झाली होती.

"हे मुंबईले जातीन?" ते म्हणायचे.

"हाव बाबा, जातीन."

नोकरी लागली ती एका जिनात. जिन म्हणजे सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना. पुढे कचेरी, मागे यंत्रं. हंगामात दिवसभर त्यांची घरघर चालायची आणि बारीक रुई हवेत तरंगत राहायची, कागदांवर बसायची, पापण्यांवर बसायची. कचेरीत आम्ही तिघं. शेठजी, हेडबाबू आणि मी. शिवाय एक म्हातारा शिपाई होता, पण तो बोलायचा नाही, म्हणून मोजायचा राहून गेला.

आधीचा टायपिस्ट मागच्या दिवाळीत गेला होता. त्याला सगळे मास्तर म्हणायचे. अठरा वर्षं त्या खुर्चीवर बसला होता. त्याच्याकडे पन्नासच्या वेगाचं प्रमाणपत्र होतं, आणि त्या काळी खामगावात पन्नासवाला शोधून सापडला नसता. ते मूळ प्रमाणपत्र शेठजींच्या कपाटातल्या पत्र्याच्या पेटीत होतं. नोकरी देताना मूळ कागद ठेवून घ्यायचा, ही तिथली पद्धतच होती. कागद आत असला की माणूस दुसरीकडे जात नाही. माझंही तीसचं त्यांनी ठेवून घेतलं असतं, पण ते भिंतीवर होतं, म्हणून माझ्याकडून नक्कल घेतली आणि नाक मुरडलं.

पहिलं पत्र मी टाइप करून नेलं तेव्हा शेठजींनी मजकूर वाचलाच नाही. सरळ तळाशी बघितलं.

"हे कोनाचे अक्षर?"

"माझे."

"नाई. मास्तरचेच टाकाचे." त्यांनी कागद परत केला. "मुंबईवाले आधी खाली पाह्यतात. मास्तरचं नाव असलं की वजन पाह्यत नाईत, भाव पाह्यत नाईत. अठरा वर्षाचा भरोसा आहे तो. माणूस गेला हे त्याईले काऊन सांगाचं?"

मी विचारलं, "मग माझी कधी टाकायची?"

"चाळीसचं सर्टिफिकेट आन. मंग तुलेही पर्मनंट करू, पगारही वाढवू, अन् खाली तुह्ये अक्षर. झालं?"

झालं, असं मीच मनात म्हटलं. चाळीस म्हणजे काय मोठं. आठ-दहा महिन्यांचा सराव, एक परीक्षा, आणि माझी दोन अक्षरं मुंबईला. मी कागद नव्याने लावला आणि मास्तरांची अक्षरं मारली. कोणती ते इथे लिहीत नाही. त्यांच्या घरची माणसं अजून आहेत.

मशीन मास्तरांचंच होतं. त्याची कागद धरून सरकणारी गाडी मध्यावरून जरा पुढे गेली की अडायची. पहिल्या दिवशी मी रेटत गेले आणि अक्षरांवर अक्षरं चढली. हेडबाबू आपल्या टेबलावरून म्हणाले, "तिथं थांबाचं जराशी. ते थांबत. डाव्या तळहातानं हळूच ढकलत." मी तसं केलं आणि गाडी गुमान पुढे सरकली. मग ते रोजचंच झालं. टपटप, टपटप, थांबा, तळहात, टपटप, घंटी. महिन्याभरात मला थांबायचं लक्षात ठेवावं लागेनासं झालं. सर म्हणाले होते तसं, बोटांना कळलं होतं.

यंत्रं बंद पडली की कचेरीत एकदम शांत होई आणि त्या शांततेत फक्त माझं मशीन वाजत राही. अशाच एका दुपारी हेडबाबू खतावणीतून मान वर न करता म्हणाले, "मास्तर, चहा सांगू काय?" माझे हात थांबले. त्यांनीही मान वर केली नाही. मग ते उठून बाहेर गेले आणि चहा सांगून आले. दोनच कप आले. मी तो प्याले, पण माझ्या मानेवर काटा आला होता.

दुसरी गोष्ट पाण्याची. शिपाई रोज अकराला पेला आणून माझ्या डाव्या हाताला ठेवायचा. मी उजव्या हाताची, घरी पेला उजवीकडेच घ्यायची सवय. दोन-तीनदा मी तो उचलून उजवीकडे ठेवला, तर तो पुन्हा येऊन डावीकडे ठेवून जायचा, चेहऱ्यावर काही नाही. एके दिवशी मावशीकडे जेवताना मावशी म्हणाली, "काऊन वो, डाव्या हाताले पानी काऊन घेतलं?" मी बघितलं तर तांब्या डावीकडे होता आणि तो तिथे मीच ठेवला होता.

आणि मुंबईची पत्रं. तिथल्या पेढीत कुणी एक कारकून होता. येणाऱ्या पत्राच्या समासात तो पेन्सिलीने एक ओळ लिहायचा, मास्तरांसाठी. दोघांची कधी भेट नव्हती, पण अठरा वर्षं हे चाललं होतं. माझ्या दुसऱ्या महिन्यात ओळ आली, गुडघ्याचं कसं आहे म्हणून. मी ती हेडबाबूंना दाखवली. ते म्हणाले, "टाका काहीतरी. बरं आहे म्हना." मी तळाशी, अक्षरांच्या वर, एक ओळ टाइप केली की गुडघा बरा आहे, थंडीत जरा त्रास देतो. असं काही लिहिताना हात थरथरायला हवा. माझा थरथरला नाही, एकही अक्षर चुकलं नाही. नंतर नंतर मी त्या ओळींची वाट बघायला लागले. कुणीतरी आपली चौकशी करतंय असं वाटायचं. थंडीत माझा उजवा गुडघा दुखायला लागला. त्यात भुताटकी काही नाही, टेबलाखाली जागा कमी होती आणि पाय मुडपून बसावं लागायचं. मी स्वतःला हेच सांगायचे. दिवसातून बरेचदा सांगावं लागायचं.

बाबा बाजाराच्या दिवशी बसने यायचे, कचेरीच्या ओट्याशी उभे राहायचे. आत यायचे नाहीत. जाताना एकच विचारायचे, "लागले काय अक्षरं?"

"परीक्षा होऊ द्या बाबा."

परीक्षा खामगावातच एका शाळेत होती. इन्स्टिट्यूटची मशिनं मिळत होती, पण माझे हात आता त्यांच्यावर धडपडायचे. न अडणाऱ्या गाडीपाशीही मी थांबायचे आणि वेग तिथेच जायचा. म्हणून शेठजींना विचारून कचेरीचंच मशीन नेलं. हमालाने ते डोक्यावरून आणलं आणि खाली ठेवताना म्हणाला, "मास्तर गेले तरी हे काई हलकं झालं नाई." सुरुवातीला पर्यवेक्षकांनी मोठ्याने वाचून दाखवलं की कागदावर बैठक क्रमांकाशिवाय काहीही लिहायचं नाही, नाव नाही, खूण नाही, कुणी केल्यास पेपर बाद. मी ऐकलं. मान हलवली. मान हलवल्याचं मला आजही आठवतं.

वेगाचा उतारा मी वेळेच्या आधी संपवला. मग एक व्यापारी पत्र. इतकं सुरेख ते माझ्याकडून कधी झालं नव्हतं. टपटप, थांबा, तळहात, टपटप. डोकं रिकामं होतं, नुसते हात चालले होते. कागद काढला, दिला, पर्यवेक्षकांनी तो गठ्ठ्यावर ठेवला. तेव्हा मी जागची उठले आणि उठताना मला तळाची डावी बाजू दिसली. तिरकी रेघ, आणि तिच्यापलीकडे मास्तरांची दोन अक्षरं.

मी म्हटलं, "सर, एक मिनिट द्या तो."

"दिलेला पेपर परत मिळत नाही."

मी तिथेच उभी राहिले. मला रडू आलं नाही, भीती वाटली. माझी अक्षरं चुकून पडली असती तर निदान मीच नापास झाले असते. पण त्या खोलीत माझ्या क्रमांकावर बसून कुणी परीक्षा दिली, हे मला कळेना. मी माझ्या हातांकडे बघत होते. ते मांडीशी निवांत होते.

निकाल लागला तेव्हा यादीत माझा क्रमांक नव्हता. सरांनी कुठूनतरी माहिती काढली. पेपरवर ओळखीची खूण होती म्हणे. "कसली खूण केलीस गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही.

शेठजींसमोर मी मान खाली घालून उभी राहिले. आता नोकरी जाते, असं धरून चालले होते. शेठजी हसले.

"नापास? बरं मंग? पत्र तर चांगले जाऊन राह्यले."

"पण सर्टिफिकेट..."

"आहे ना." त्यांनी कपाटाकडे बोट केलं. "पन्नासचं आहे. एका खुर्चीले एक पुरे. पुढच्या महिन्यापासून तुले पर्मनंट केलं, पगारही त्याच्याच हिशेबानं घे. अक्षर मातर तेच ऱ्हातीन."

म्हणजे सगळं मिळालं. मी मागितलं होतं त्यातलं एक सोडून सगळं. मला शेठजींचा असा राग आला की ओठ चावून धरावा लागला, आणि त्या रागात मी त्यांचे आभार मानले. बाबा बाजाराच्या दिवशी आले, त्यांना पगाराचं सांगितलं. ते खूश झाले. मग त्यांनी अक्षरांचं विचारलं. मी म्हटलं, "पुढच्या परीक्षेले, बाबा." त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. ते मला जास्त लागलं.

त्यानंतर काही महिन्यांनी मास्तरांच्या बायकोचा अर्ज आला. कुणाकडून तरी लिहून घेतलेला. मास्तरांचा फोटो कधी काढला नव्हता. त्यांच्या नावाचा तेवढाच एक मोठा कागद आहे, शाईने नाव लिहिलेला, शिक्का मारलेला. तो मिळाला तर भिंतीवर लावता येईल, एवढं मागणं. शेठजींनी मला उत्तर सांगितलं, इंग्रजीत, कचेरीचं प्रत्येक पत्र इंग्रजीतच जायचं म्हणून. सदर प्रमाणपत्र कचेरीच्या कामासाठी लागत असल्याने देता येत नाही, कळावे. मी टाइप केलं, सही घेतली, पाकिटात घातलं. पाकीट गेलंसुद्धा आणि तेव्हा मला काही खटकलं नाही. हे मी स्वतःला माफ केलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या आल्या. बारीक अंगाच्या, पदर डोक्यावरून घेतलेला, पत्राची घडी मुठीत. शेठजी जेवायला गेले होते. यंत्रं बंद होती. ओट्यावरून त्यांनी आत बघितलं, आधी खुर्चीकडे, मग माझ्याकडे.

"मशीन वाजत होतं," त्या म्हणाल्या. "मले वाटलं..." मग पत्र माझ्यापुढे धरलं. "काय लिव्हलं यात, सांगता काय बाई?"

मी सांगितलं. कागद कामाला लागतो, देता येत नाही. त्यांनी मान डोलावली. मग पत्राच्या तळाशी बोट ठेवलं. बरोबर दोन अक्षरांवर.

"हे त्याईचे अक्षर होय. मले बाकी काई वाचता येत नाई. एवढे दोनच त्याईनं शिकवले. घरी कागद आनला की म्हनत, पाह्य, मी कुठी आहो. मी दाखवो." त्यांनी बोट उचललं नाही. "म्हंजे नाई त्याईनंच म्हटलं?"

हेडबाबू खतावणीत वाकले होते, त्यांचा टाक चालत नव्हता. मला सांगायचं होतं की काकू, ते मी मारलं, माझ्या या हातांनी. पण ते खरं आहे असं मला त्या क्षणी ठामपणे म्हणता आलं नसतं.

"राहू द्या मंग," त्या म्हणाल्या. "त्याईलेच लागत असन."

त्यांनी पत्राची घडी केली, सावकाश, जुन्या घडीवरून. जायला वळल्या आणि थांबल्या. "बाकावर बसू काय जराशी? तुम्ही मारा तुमचं. आयकू द्या."

त्या ओट्यावरच्या बाकावर भिंतीला टेकून बसल्या. मशीनमध्ये मुंबईचं पत्र अर्धं होतं. मी हात ठेवले. टपटप, टपटप, थांबा, तळहात, टपटप, घंटी. दारातून मला त्यांची फक्त पावलं दिसत होती. मी ओळीमागून ओळ मारत गेले. अंगाला घाम सुटला होता आणि हात अगदी थंड, सुरळीत चालले होते. समासातल्या पेन्सिलीच्या ओळीचं उत्तरही हातांनीच मारलं, गुडघा बरा आहे. मग तळ आला. तिरकी रेघ पडली. बोटं पुढच्या अक्षराकडे निघाली, आणि मी ती उचलून धरली.

शिकले तेव्हापासून पहिल्यांदा मी चाव्यांकडे बघितलं. माझी अक्षरं कुठे आहेत तेच सापडेना. शोधलं. एका बोटाने एक मारलं. थांबले. पुन्हा शोधलं. दुसरं मारलं.

बाहेरची पावलं हलली. त्या उठून दारात आल्या.

"हे तुम्ही मारलं," त्या म्हणाल्या. "शेवटचे दोन."

"हो काकू."

त्यांनी मान हलवली, ओटा उतरल्या आणि गेल्या. हेडबाबूंनी चष्मा काढून पुसला.

शेठजींनी आल्यावर तळाशी बघितलं आणि पत्र पुन्हा टाइप करायला लावलं. मी पुन्हा केलं, मास्तरांच्या अक्षरांसकट, आणि तेच मुंबईला गेलं. पहिलं पत्र मी घडी करून पोलक्यात ठेवलं. बाबा बाजाराच्या दिवशी आले तेव्हा ओट्याशी उभं राहून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट धरलं, तळ शोधला, आणि दोन अक्षरांवर बोट ठेवलं.